सहाची चंद्रा

निमगाव सावा,
बुधवार, दुपार

प्रिय आदेश,

ताईनं चक्क पत्र धाडलं म्हणून आधी घाबरून जाऊ नकोस. आई बरी आहे. हाताचं प्लास्टर अजून आहे, खांद्याचे टाके सुकत आलेत, आणि काल तिनं चांगल्या हातानं स्वतःची भाकरी स्वतः मोडून खाल्ली. आता फोन असताना पत्र कशाला, तर तुला फोन लावला की तू मीटिंगमध्ये, नाहीतर "हो ताई, रात्री करतो." ती रात्र काही अजून आलेली नाही बाबा. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर खाली एक अंगठा टाकून मोकळा झाला असतास. शिवाय इथं घरात कुठंही बसून बोललं तरी कुणी ना कुणी ऐकतंच. म्हणून आई झोपलीय तोवर लिहून काढते आणि उद्या वस्तीवरचा भरत वाशीला माल घेऊन निघाला की त्याच्या हाती देते. तुझ्याच हातात दे, खाली वॉचमनकडे ठेवून येऊ नकोस, असं त्याला बजावलंय. बसून वाच. उभ्याउभ्या वाचायचं पत्र नाही हे.

पहिली गोष्ट ही, की दादानं आईची मेंढरं विकायचं ठरवलंय. येत्या सोमवारी, बेल्ह्याच्या बाजारात. बाळासाहेब व्यापारी परवा येऊन बघून गेला. मेंढरं गेली की मग आईला तुझ्याकडं पोचवायचं. तुला दादानं काय सांगितलंय मला माहीत नाही, चार दिवस हवापालट वगैरे सांगितलं असेल. चार दिवस नाही रे, कायमचं. दादा म्हणतो, "म्हातारीला इसर पडायला लागलाय. हितं बिबट्याच्या तोंडाशी तिला मोकळी सोडून मी रानात जाऊ का?" आणि आई त्याला नाही म्हणत नाही. आपली आई! जी आयुष्यात कुणाला पहिल्या झटक्यात हो म्हणाली नाही, ती मान खाली घालून "व्हय बाबा, तू म्हणशील तसं" म्हणते. मला तिथंच काहीतरी खटकलं. पण ते पुढं सांगते, नाहीतर डोक्यातला राग सगळा एकदम सांडायचा.

टीव्हीवरच्या चंद्राचं तुला माहीत आहे, पण तू गेल्यावर ते किती वाढलं ते तुला माहीत नाही. शेजारच्या कुंडलिककाकांचं वासरू बिबट्यानं दारातून उचललं त्या वर्षी वनखात्याची माणसं येऊन सांगून गेली, अंधार पडायच्या आत घरात या, गलका करा. घड्याळ कोण बघतंय रानात? हात चिखलानं भरलेले, मोबाईल खिशात वाजला तरी कुणी काढत नाही. तेव्हा आईनंच डोकं चालवलं. तू नुकताच चॅनेलात लागला होतास. दिवाळीला आलास आणि ऐटीत सांगितलंस, कुठली मालिका कधी लावायची त्याचा तक्ता आमच्या खात्यात होतो म्हणून. आई म्हणाली, "म्हंजी टायम तू ठरवितो?" तू हसत हसत म्हणालास, "हो आई, मीच." झालं! तूच ओसरीवर तो मोठा स्पीकर बांधून दिलास. सहाला 'चंद्रा घर सांभाळते' लागली की तिचं गाणं पार कॅनॉलपर्यंत ऐकू जायचं, आणि वस्तीतलं जितराब नि माणूस सगळं घराकडं वळायचं. जाताना तू आईला म्हणालास, वेळ बदलली तर मी आधी फोन करीन. त्या एका शब्दावर ती निर्धास्त झाली.

तुला सांगते, चंद्रा तिला आवडत नाही. "बावळट हाय ती, सासूला दोन शबुद सुनवायचं सोडून रडत बसती," हे तिचं रोजचं. गाणं वाजलं, मेंढरं जाळीच्या गोठ्यात गेली, कडी लागली, की ती स्पीकर बंद करायची आणि टीव्हीकडं पाठ करून लसूण सोलत बसायची. पण नाव घेताना 'आदेशची चंद्रा' असंच. बांधापलीकडच्या चिमाजीबाबांच्या हातातलं खुरपं त्या गाण्यावर थांबायचं. पलीकडच्या शिवारात खुरपायला येणाऱ्या बाया विचारायच्या, चंद्रा झाली का हो? आणि आईची कॉलर ताठ. जणू मुंबईत बसून तू एकेका मेंढराला हाक मारून घरात घालतोयस.

आता पंधरा दिवसांमागच्या त्या सोमवारचं. मी तेव्हा माझ्या घरी ओतूरला होते, हे सगळं चिमाजीबाबा आणि भागूवहिनीकडून कळलेलं आहे. दादा कांदा घेऊन मार्केटला गेला होता. वहिनीनं रोजच्यासारखा टीव्ही लावला आणि कणीक मळायला बसली. तर सहाला चंद्राच्या जागी पोरींच्या नाचाचं कायतरी लागलं. वहिनीला वाटलं, जाहिरात असेल, होईल सुरू. आदल्या आठवड्यात पडद्यावर नव्या वेळेचं दाखवत होते म्हणे, पण जाहिराती लागल्या की वहिनी आवाज बंद करते, आणि आई तर पडद्याकडं बघतच नाही. तुम्ही चंद्रा साडेसहाला नेली होती. तुमच्या तक्त्यात ती अर्ध्या तासाची सरकवासरकव. इथं थंडीच्या दिवसांत त्या अर्ध्या तासात उजेडाचा पार काळोख होतो रे.

आई सोयाबीन काढलेल्या रानात मेंढरं घेऊन होती, कुंडलिककाकांच्या उसाच्या कडेला. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू, तिला दुपारसुद्धा संध्याकाळसारखीच दिसते. चिमाजीबाबांनी बांधावरून हाक दिली, "सारजाबाई, दिवस मावळला, हाका की मेंढरं." ती म्हणाली, "अजून चंद्रा न्हाई लागली." बाबा म्हणाले, अंधार पडायला लागलाय. तर म्हणते, "तुमचं डोळं म्हातारं झाल्यात बाबा. टायम माझ्या आदेशच्या हातात हाय, हिकडंतिकडं व्हायचा न्हाई." बाबासुद्धा थांबले. ते मला सांगत होते, "पोरी, मलाबी वाटलं, आपलंच चुकत आसंल. गाणं कवाच चुकलं नव्हतं."

मग मेंढरं एकाएकी गोळा झाली. चरायची थांबून एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालायला लागली. आईनं ते ओळखलं, तिला काय सांगायला हवं! ती काठी आपटत, ओरडत त्यांना घराकडं रेटायला लागली, तोवर उसातून बाहेर आलाच तो. काळतोंडी मेंढीची तरणी लेक धरली. आणि आपल्या आईनं काय करावं? पळायचं सोडून काठी घेऊन त्याच्या अंगावर गेली. त्यानं मेंढी तोंडातून न सोडता एक पंजा मारला. खांदा फाटला, ती मागच्या मागं पाण्याच्या चारीत पडली आणि मनगट मोडलं. बाबा जिवाच्या आकांतानं ओरडायला लागले, "भागू! वाघ! वाघ!" आणि तेवढ्यात, आदेश, ओसरीवर चंद्राचं गाणं लागलं. वहिनीचा जीव भांड्यात पडला, लागली एकदाची म्हणून तिनं आवाज होता तेवढा मोठा केला. त्या गाण्यात बाबांची हाक कुणाला ऐकू जाणार? ते गाणं संपेपर्यंत एक म्हातारा माणूस अंधारात घमेलं बडवत उभा होता, आणि आपली आई चारीच्या पाण्यात पडलेली होती. वहिनी हे सांगताना अजून रडते. तिला आता ते गाणं ऐकवत नाही, टीव्ही तेव्हापासून बंदच आहे.

बिबट्या मेंढी घेऊन गेला, म्हणून आई वाचली. नारायणगावला दवाखान्यात नेली, टाके घातले, इंजेक्शनं झाली. मी पोचले तेव्हा दादा बाहेरच्या बाकड्यावर नुसता धुमसत होता. त्याचं डोकं फिरलेलं मी पुष्कळदा बघितलंय, पण असं नाही. तो म्हणत होता, "टायम बदलणार हे त्याला म्हाईत नसंल? त्याच्याच हापिसात ठरतंय ना? त्यानं सांगाय नगं? त्याच्या शिक्षणापायी मी शाळा सोडली, मेंढरामागं हिंडलो, आन् त्याला आईला एक फोन करता येत न्हाई?" तो तुला तिथल्या तिथं फोन लावणार होता. मी आडवी आले नाही, खरं सांगते. मलाही तेच म्हणायचं होतं. पण आत खाटेवरून आईनं ऐकलं. ग्लानीत होती, ओठ सुकलेले, तरी म्हणाली, "दादाभाऊ, त्याला काय बोलू नगं. त्यानं केला व्हता फोन. सांगितलं व्हतं मला. मीच इसरले."

दादानं हातातला फोन खिशात टाकला. तिचा बटणांचा फोन तिच्याबरोबर चारीत पडून गेलेला, त्यामुळं खरंखोटं बघायलाही काही राहिलं नव्हतं. आणि आईच म्हणतेय म्हटल्यावर बघायचं कशाला? दुसऱ्या दिवशी तू माझ्या फोनवर बोललास. तिचा हात बांधलेला, म्हणून मी स्पीकर लावला. तुझ्या तोंडून आई एवढा शब्द निघाला असेल नसेल, तोच ती म्हणाली, "बाळा, तू सांगितलं व्हतंस की रं. माझ्याच ध्यानात ऱ्हायलं न्हाई बघ." दादा पायाशी उभा होता. तू जरा वेळ बोलला नाहीस. मग म्हणालास, "हं. काळजी घे आई." मला वाटलं, तुझा गळा दाटून आला असेल.

त्या दिवसापासून घरात आईच्या डोक्याची तपासणी सुरू झाली. दादाचा राग तुझ्यावरून निघाला आणि काळजी होऊन तिच्यावर जाऊन बसला. वहिनीला मागचं सगळं आठवायला लागलं. आमटीत मीठ दोनदा पडलं होतं, गॅस चालू राहिला होता, दाराची कडी उघडी होती. अरे, हे तर माझ्याही घरात होतं! पण एकदा माणूस विसरभोळं ठरलं की त्याचं प्रत्येक काम लोक वाकून बघतात. भेटायला येणारी माणसं तिला लहान पोरासारखं विचारतात, "आजी, मला वळाखलं का? सांगा बरं मी कोण?" मागल्या आठवड्यात मंगळवारी दादानं गावातल्या डॉक्टरला घरी आणलं. त्यांनी विचारलं, आज वार कोणता? आई म्हणाली, "शुक्रवार." आणि सकाळीच तिनं मला देवीला नारळ द्यायची आठवण केली होती, मंगळवार हाय म्हणून! शुक्रवार म्हणताना तिनं माझ्याकडं बघितलं आणि पटकन मान खाली घातली. डॉक्टर म्हणाले, वयोमानानं होतं असं, लक्ष ठेवा. दादानं बाहेर जाऊन डोळे पुसले. तो दुष्ट नाही रे. त्याला खरंच वाटतंय की आई हातातनं चाललीय.

बाळासाहेब मेंढरं बघायला आला तेव्हा तर कमालच झाली. आई एका हातानं एकेकीला पुढं घेऊन सांगत होती, हिची आई कोण, हिची आजी कुठल्या पावसाळ्यात आळे फाट्याला व्याली, हिला कधी कुठला रोग झाला नि कुठल्या पाल्यानं गेला. एक नाव चुकलं नाही. बाळासाहेब म्हणाला, "आजींची याद लई पक्की हाय राव." दादा म्हणाला, "जुनं सगळं ऱ्हातंय पावणं, नवंच ऱ्हात न्हाई." आणि आई लगेच म्हणाली, "व्हय, नवं न्हाई ऱ्हात." स्वतःच्या हातानं वाढवलेली मेंढरं दुसऱ्याला दाखवत होती आणि वरून स्वतःच्याच विरुद्ध कबुली देत होती. मला तिथं उभं राहवेना, मी गोठ्यामागं जाऊन हमसून हमसून रडले.

काल तिची वेणी घालायला बसले. हात बांधलेला असल्यामुळं तिला तेवढ्यापुरती मी लागते. मी सरळ विचारलं, आई, आदेशचा फोन आला होता का? ती म्हणाली, "आला व्हता म्हनलं ना." मी म्हटलं, माझ्याकडं बघून सांग. तिनं बघितलं नाही. मग म्हणाली, "नव्हता आला. पण दादाभाऊला कळलं तर तो आदेशला उंबऱ्याच्या आत घ्यायचा न्हाई. त्याच्या मनात शाळेचं आधीच सलतंय. मी मेल्यावर ह्या दोघांना कोण गं जोडून देणार?" मी म्हटलं, अगं पण मेंढरं जातील, तुला मुंबईला जाऊन चार भिंतीत बसावं लागेल. तर म्हणते, "जाऊ दे." मी उठायला लागले तशी माझा हात धरला आणि माझ्या श्रेयाच्या गळ्याची आण घातली. दादाला सांगायचं नाही, वहिनीला नाही, वस्तीतल्या कुणाला नाही. लेकराची शपथ आहे आदेश, मी मोडणार नाही. मी आता ह्या घरात हे माहीत असून तोंड शिवून बसलेय आणि सोमवार जवळ येतोय. तिनं आपली दोन लुगडी पिशवीत घालूनसुद्धा ठेवलीत. मला विचारत होती, आदेशच्या बिल्डिंगीखाली जरा माती असते का गं, अनवाणी चालायला?

एवढं असतं तरी मी कदाचित गप्प बसले असते, तिची इच्छा म्हणून. पण आज सकाळी ती जाळीपाशी बसली होती. मी चहा घेऊन गेले तर म्हणाली, "नंदा, केला असंल का गं त्यानं फोन? मी परत परत म्हनते ना, तर आता मला आवाज आठवायला लागलाय त्याचा. आई, टायम बदललाय, असं म्हनलेला. खरंच माझ्या डोक्याचं काय झालंय का?" आणि ती घाबरली होती. बिबट्याच्या अंगावर काठी घेऊन जाणारी बाई चहा तसाच निवू देऊन माझ्याकडं उत्तर मागत होती. तुला वाचवायला तिनं खोटं सांगितलं, आणि आता ते खोटं तिला खरं वाटायला लागलंय. म्हणून हे पत्र. मला शपथ घातलेल्यांत तुझं नाव नाही, कारण तुला सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंच. तू फोन केला नव्हतास हे तुला त्या दिवशीही माहीत होतं, ती स्पीकरवर तुझं पाप आपल्या अंगावर घेत होती तेव्हाही माहीत होतं, आणि तू "हं" म्हणालास. मला वाटलं गळा दाटला. तू सुटलास म्हणून गप्प होतास. का राहून गेला फोन, कामात होतास की आठवलं नाही, ते मी विचारत नाही. माणसाकडून राहतं. पण रविवारी ये. दिवसाउजेडी ये. दादा मारेल, शिव्या देईल, कदाचित दाराबाहेर काढील, ते सगळं मुकाट्यानं घे. मेंढरं राहतील की जातील ते मला ठाऊक नाही. तू फक्त आईसमोर बस आणि म्हण, आई, तू विसरली नाहीस, मी फोन केलाच नव्हता. दादाला कळो न कळो, तिनं ते तुझ्या तोंडून ऐकायला पाहिजे.

तुझीच, आणि या घडीला तुझ्यावर लई चिडलेली,
नंदाताई